वीस फुटी की तीस फुटी?

मांडव्याला बंगला बांधून झाला, की माणसाला समोरचा समुद्रही सातबाऱ्यात आल्यासारखा वाटतो. मग जुनी स्पीडबोट बघणं सुरू होतं आणि नेमक्या दोन बोटी मनात भरतात. एक २० फुटी, ११५ हॉर्सपॉवरच्या एका आउटबोर्ड इंजिनाची. दुसरी ३० फुटी, २५०-२५० च्या दोन इंजिनांची, केबिन आणि संडासासकट. नवशिक्यांनी पुढील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

१. गुणाकार करा. विकणारा म्हणेल, ‘फक्त दहा फुटांचा फरक!’ मान डोलवा. बोट दीडपट लांब झाली आणि रुंदी-उंचीही त्याच हिशेबाने वाढली, तर वजन तिपटीच्या वर जातं. फुल थ्रॉटलला पेट्रोल इंजिन दर शंभर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण ३५ ते ४० लिटर पितं. ५०० हॉर्सपॉवरचा हिशेब घरी, बसून करावा.

२. माणसं मोजा. छोटीत पाच-सहा जण बसतात. मोठीत दहा मावतात, म्हणजे दहा येतातच. त्यांतले दोघे लाइफजॅकेटला नाक मुरडतात आणि एकाला बोट लागते.

३. ठोकून बघा. प्लास्टिकच्या हातोडीने तळ हलके ठोकत चला. टणक आवाजात मध्येच बद्द आवाज आला, तर फायबरचे थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. इंजिन टांगलेल्या मागच्या फळीत जुन्या बोटींना बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं. इंजिन धरून हलवा. फळी लवली, तर नमस्कार करून निघा.

४. इंजिनाला हात लावा, तेही सुरू करण्याआधी. गरम लागलं, तर मालकाने तुमच्याआधी येऊन त्याची मनधरणी केलेली आहे. मीटरवर तास कमी दिसले म्हणून हुरळू नका. रोज चाललेल्या इंजिनापेक्षा पोटात खारं पाणी घेऊन उभं राहिलेलं जास्त आजारी निघतं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने फ्लश करत होते का, विचारा.

५. बोट ठेवायची जागा बघायला ओहोटीला जा. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. छोटी ट्रेलरवरून थेट पोर्चमध्ये येते आणि पावसाळ्यात तिथेच झाकून ठेवता येते. मोठी मुरिंगवर राहते. तिच्यापर्यंत जायला आणखी एक होडी, त्या होडीला खलाशी आणि जूनच्या आधी क्रेन.

६. ट्रायल दुपारी घ्या. विकणारा सकाळीच बोलावील, कारण तेव्हा समुद्र शांत असतो. दुपारी वायव्येचा वारा सुटला, की २० फुटी लाटेलाटेवर आपटते आणि पाठीचा एकेक मणका हजेरी देतो. इथे ३० फुटी खरोखर सरस; तिला तेवढं श्रेय द्यावं.

७. ‘का विकताय?’ विचारा. कागदावरचा इंजिन नंबर ताडून झाला, की हा प्रश्न. छोटीचा मालक म्हणेल, ‘पाहुणे मावत नाहीत.’ मोठीचा म्हणेल, ‘पाहुणे जमल्याशिवाय काढवत नाही.’ दोघेही एकमेकांचीच बोट शोधतायत. त्यांची गाठ घालून द्या, दलाली घ्या आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट पकडा. तिच्यात गाडीही चढते.