दोन इंच वर

वसईत ऋतू चार. पावसाआधीचा घाम, पाऊस, पावसानंतरचे खड्डे आणि लग्नसराई. या चारही ऋतूंत एकाच गाडीने हिंडायचं तर गाडीपेक्षा माणूस टणक असावा लागतो, हे इथल्या रिक्षावाल्याला जन्मतः माहीत असतं. थार घेणाऱ्याला ते कळायला वेळ लागतो. कारण जाहिरातीतली थार कायम एखाद्या सुळक्यावर उभी असते आणि त्या सुळक्यावरून खाली कुठेही नालासोपारा दिसत नाही.

आमच्याकडे थार आली ती लेकाच्या हट्टामुळे. तीन दारांची, फोर बाय फोर. ऑफ-रोडिंग म्हणजे रस्ता सोडून गाडी चालवणे. वसईत त्यासाठी वेगळं कुठे जावं लागत नाही. इथे रस्ताच अधूनमधून आपल्याला सोडून जातो.

तर या थारचे टायर गुळगुळीत झाले. टायरच्या खाचांत तळाशी बारीक आडव्या पट्ट्या असतात. झीज होत होत खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली की त्या पट्ट्या वरच्या रबराच्या पातळीला येतात. म्हणजे टायरचा निरोप समारंभ उरकून घ्यायचा. आमच्या टायरवरच्या या पट्ट्या सगळ्यात आधी दिसल्या त्या मेहुण्याला. मेहुणा राहतो विरारला, बोळींजमध्ये. त्याच्या स्वयंपाकघरातला नळ दोन पावसाळ्यांपासून ठिबकतोय, तो काही त्याला बंद करता येत नाही. पण जगातल्या कुठल्याही गाडीत काय कमी आहे, हे तो मोबाईलवरून नजर न काढता सांगू शकतो.

“भावोजी, नुसते टायर बदलून काय होणार? सोबत लिफ्ट किट टाका. दोन इंच. गाडी कशी अंगावर येईल बघा!”

गाडी लोकांच्या अंगावर यावी, अशी माझी इच्छा नव्हती. आपल्याकडे त्यासाठी कलमं आहेत. पण मेहुण्यापुढे नाही म्हणायचं, तर आधी बायकोपुढे म्हणावं लागतं.

आधी टायर. टायरच्या अंगावर एक मजकूर असतो, २५५/६५ आर १८. यातले २५५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा ६५. आणि १८ हा रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिघं गुण्यागोविंदाने नांदतात. आमच्या घरात एका टीव्हीवर तिघांचं जमत नाही. हिशेब मांडला तर अख्खं चाक साधारण ७८९ मिलिमीटर उंच भरतं. मेहुण्याला याहून मोठं चाक हवं होतं. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण मीटरला ते ठाऊक नसतं. तो जुन्याच हिशेबाने वेग आणि किलोमीटर दोन्ही कमी दाखवतो. “म्हणजे बघा भावोजी, सर्व्हिसिंगसुद्धा उशिरा येईल!” मेहुण्याने त्यातली बचत शोधून काढली. कॅमेऱ्याला मात्र खरा वेग दिसतो आणि चलन आपल्या नावावर येतं, हे त्याने विचारात घेतलं नव्हतं.

मग जात. टायरांतही जाती असतात. हायवेचा एच/टी, सगळीकडे चालणारा ए/टी आणि चिखलातला एम/टी. एम/टीचे ठोकळे एवढाले मोठे, मधल्या खाचा एवढ्या रुंद, की नुसता पाहूनच माणसाची छाती फुगते. मेहुण्याचं मन त्याच्यावर जडलं. पण वसईच्या चिखलाची एक खासियत आहे. हा चिखल डांबरावर आणि सिमेंटवर असतो. वर बोटभर राड, खाली टणक रस्ता. एम/टीचे ठोकळे खोल चिखलात रुतून पकड घेण्यासाठी घडवलेले. ओल्या सिमेंटवर पकडीला लागतात त्या ठोकळ्यांवरच्या बारीक बारीक चिरा, आणि त्या एम/टीत कमी. शिवाय हायवेला तो टायर असा घुमतो की गाडीतल्या गाडीत बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. हा मुद्दा मेहुण्याने फायद्यांच्या यादीत लिहिला होता. यादी त्याच्या ताईच्या हाती लागली आणि एम/टी बाद झाला.

चौथा प्रकार, सर्व हवामानांचा. त्याच्या काही नमुन्यांवर तीन शिखरांचा डोंगर आणि मधोमध हिमकण असं चिन्ह कोरलेलं असतं. टायर बर्फावरच्या चाचणीत उतरला आहे, याची ती खूण. वसईत बर्फ दोनच ठिकाणी भेटतो, मासळीच्या टोपलीत आणि गोळेवाल्याच्या हातगाडीवर. पैकी एकावरही गाडी घालता येत नाही. तरी लेकाला ते चिन्ह हवं होतं. “बाबा, उद्या मनालीला गेलो तर?” गेल्या वर्षी हा मुलगा कंटाळा येतो म्हणून निर्मळच्या जत्रेलासुद्धा आला नव्हता.

दुकान सातिवलीच्या बाजूला, हायवेलगत. ए/टीवर सगळ्यांचं एकमत झालं होतं, मापही कंपनीचंच घ्यायचं ठरलं होतं. उरलं होतं वय बघणं. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, म्हणून हे बघायचं. मेहुणा मोबाईलचा टॉर्च लावून उकिडवा बसला आणि एकेका टायरचे आकडे मोठ्याने वाचू लागला. एका टायरचे आकडे नेमके भिंतीकडच्या बाजूला होते, म्हणून त्याने तो फिरवायला लावला. दुसरा त्याला जरा वयस्क वाटला, म्हणून परत पाठवला. दुकानदार बराच वेळ हाताची घडी घालून उभा होता. शेवटी म्हणाला, “साहेब, जन्मतारीख बघून झाली असेल तर गोत्र पण सांगतो. रबराचंच आहे.”

टायर ठरले. आता लिफ्ट किट. मेहुण्याच्या एका मित्राने आपल्या गाडीला ते बसवलं होतं. त्याची गाडी रविवारी आमच्या सोसायटीत प्रात्यक्षिकासाठी आली. गाडी उचलण्याच्या तऱ्हा दोन-तीन. स्प्रिंगवर जाड चकत्या बसवायच्या, नाहीतर स्प्रिंग आणि शॉकअपच लांब घालायचे, नाहीतर चासीला हात न लावता वरचं धड तेवढं ठोकळ्यांवर चढवायचं. मित्राने लांब स्प्रिंग घातल्या होत्या. मी वाकून खाली पाहिलं. थारचा मागचा एक्सल या चाकापासून त्या चाकापर्यंत सलग असतो आणि त्याच्या पोटात डिफरन्शियलचा फुगीर गोळा असतो. गाडी दोन इंच वर गेली होती. गोळा होता तिथेच होता. कारण तो टांगलेला असतो चाकांना, आणि स्प्रिंग असतात त्याच्या वर. गोळा वर न्यायचा तर चाकच मोठं हवं, आणि व्यास दोन इंच वाढवला तर गोळा चढतो एक इंच.

“म्हणजे दगड लागायचा तिथेच लागणार?” मी विचारलं.

“लागेल. पण आपण वर बसलेले असू,” मित्र म्हणाला.

तेवढ्यात आई खाली आली. नव्या गाडीला हळदकुंकू लावायचं असेल अशा समजुतीने ती ताटली घेऊनच आली होती. आता आलीच आहेस तर बसून बघ, म्हणून तिला पुढचं दार उघडून दिलं. आईने एक पाय उचलला. पायदान तिच्या गुडघ्याच्याही वर. तिने पाय खाली ठेवला, पदर खोचला, दाराच्या कडेला धरलं, पुन्हा पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग वॉचमनचं प्लास्टिकचं निळं स्टूल आणलं. त्यावर आई चढली, तिथून गाडीत गेली आणि आत बसल्यावर म्हणाली, “गाडीत बसायचं की जीवदानीला चढायचं? तिथे निदान वर देवी तरी भेटते.”

“मावशी, खाली फूटरेस्ट लावून घेऊ ना,” मेहुणा म्हणाला.

म्हणजे गाडी उंच करायला पैसे, उंच झालेल्या गाडीत चढायला पुन्हा पैसे, आणि दोन इंच वर नेलेल्या गाडीच्या पोटाखाली पुन्हा लोंबती पट्टी. या व्यवहारात नफा कुणाचा, ते विचारायची सोय नव्हती. मित्र उतरला होता आणि आईला उतरवण्यासाठी स्टूल नेमकं कुठे लावायचं, ते दाखवत होता.

लेक वकिलीला आहे, त्यामुळे शेवटचा खिळा त्याने ठोकला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात कंपनीचा जो तपशील नोंदला आहे, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. वर विमा कंपनीने उद्या फाटे फोडले तर ते निस्तरायचे आपणच. शिवाय नाक वर केल्यामुळे हेडलाईटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार, व्हील अलाइनमेंट नव्याने करावी लागणार आणि गाडीचा भार वर गेल्याने वळणावर ती जास्त कलणार. मेहुणा शांतपणे म्हणाला, “पाण्याचं काय?”

खरा प्रश्न तोच होता. वसई-विरारमध्ये गाडीबद्दल कुठलंही बोलणं शेवटी पाण्यावर येतं. थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं, असं कंपनी सांगते. फोर्सच्या गुरखाला ७०० मिलिमीटर, आणि तिला कंपनीतूनच काचेच्या बाजूने वर आलेलं स्नॉर्कल असतं. आमच्या गाडीने आजवरचं सगळ्यात खोल पाणी पार केलं ते वसईच्या खाडीत, हँडब्रेक ओढून. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली तेव्हा हौसेने गेलो होतो. टायर कोरडेच राहिले.

मी मेहुण्याला जुलै २०१८ ची आठवण करून दिली. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी आलं, लोकल बंद पडल्या, लांबच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं, वसईच्या मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढलं. लोकलच्या डब्याची फरशी रुळापासून मीटरभराहून उंच असते. म्हणजे मेहुण्याच्या भाषेत तिला जन्मजात लिफ्ट किट. तरी लोकल थांबते, कारण तिच्या मोटारी डब्याखाली, चाकांपाशी असतात. पाण्याला आपली उंची दाखवून उपयोग नसतो. ते आपल्या सगळ्यात खालच्या भागाशी व्यवहार करतं. आणि वाहतं पाणी दोन फुटांवर गेलं की भली मोठी गाडीही तरंगू लागते. मोठे टायर अशा वेळी तिला आणखी उचलतात. तेव्हा ती खरी वर जाते, पण आपल्याला हवी तिथे जात नाही.

“मग मावशी, तुम्हीच सांगा,” मेहुणा शेवटचा आधार शोधत म्हणाला.

आईचं शास्त्र वेगळं. पाचूबंदरहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळीण मावशींकडून ती ते शिकली. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा भरतीचा. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, थोडं इकडे-तिकडे. जोराचा पाऊस आणि अमावास्या-पौर्णिमेची उधाणाची भरती एका वेळी आली की नाले खाडीत रिकामे होऊच शकत नाहीत. खाडीच उलट आत येऊ बघते. ओहोटी लागली की तेच पाणी सरतं. म्हणजे पाणी किती चढणार यापेक्षा ते कधी उतरणार, हे कळणं महत्त्वाचं. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ च्या मे महिन्यात. मोहीम दोन वर्षं रेंगाळली होती, पण शेवट पावसाच्या तोंडावर उरकला. आईच्या मते त्यांच्याकडेही कुणीतरी पंचांग बघणारं असणार.

ए/टी टायर बसले, लिफ्ट किट राहिलं. मेहुण्याने मात्र स्वतःच्या गाडीला ते बसवून घेतलं. माणसाची हौस कलम ५२ मध्ये मावत नाही.

जुलैत एका सकाळी पावसाने झोडपायला सुरुवात केली. नायगावला साखरपुडा होता, आम्हा सगळ्यांना जायचं होतं. मी किल्ली उचलली. आईने चष्मा लावून कॅलेंडर पाहिलं. “चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. दीड वाजल्याशिवाय कुणी हलायचं नाही. कांदे चिरा, भजी करू.”

अकराच्या सुमारास मेहुण्याचा फोन आला. तो नऊलाच निघाला होता. गाडीला काही झालं नव्हतं. दोन इंच वर असलेल्या सीटवर तो कोरडा ठणठणीत बसला होता. त्याच्या पुढे एक टेम्पो होता, टेम्पोपुढे एक स्कूटर, स्कूटरपुढे एक छोटी गाडी, आणि ती छोटी गाडी पाण्यात बंद पडून रस्त्यात आडवी झाली होती.

“किती वेळ लागेल रे?” मी भज्याचा घास गिळून विचारलं.

“ते काही सांगता येत नाही भावोजी,” तो म्हणाला, “पण उंचीमुळे पुढचा सगळा ट्रॅफिक जॅम एकदम स्पष्ट दिसतोय.”