नमुना नंबर आठ

घरपट्टीच्या बाबतीत माणसांच्या दोन जाती सगळ्यांना ठाऊक आहेत : भरणारे आणि बुडवणारे. ताडकळसचे आबा या दोन्हींत बसत नाहीत. ते घरपट्टी कमी करून घेतात. "बुडवायला काय, कुणीबी बुडवतंय," ते म्हणतात, "कमी करायला अभ्यास लागतो." ग्रामपंचायतीची आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना नंबर आठ, त्यांना ग्रामसेवकापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून गावाने तेच नाव त्यांना ठेवलं. (2024 साली सरकारने ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं. आबांची त्यावर एकच सूचना होती : पद वाढवा, पट्टी वाढवू नका.)

गंमत म्हणजे आबांचं निम्मं शास्त्र खरं आहे. 2015 च्या शेवटी नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर बसू लागली. जागेचा रेडीरेकनर दर, क्षेत्रफळ, बांधकाम मातीचं की स्लॅबचं, घराचं वय आणि वापर, एवढ्यावर सगळा हिशोब. राहत्या घराचा भारांक 1, दुकानाचा 1.25. यातला एक आकडा चुकला की माणूस वर्षानुवर्षं उगीच जास्त भरत राहतो. घर जितकं जुनं तितका घसारा जास्त, पण नोंदीतलं वय कोण तपासतं? दुकान बंद पडून पोराची अभ्यासाची खोली झाली, तरी वहीत ते दुकानच राहतं. आबांनी गल्लीतल्या एका म्हातारीची नोंद अशीच पकडली. डोक्यावर गळकं माळवद, पावसाळ्यात घरभर घमेली, आणि कागदावर आरसीसी! आबांनी अर्ज लिहून दिला, फेरमोजणी मागितली, आणि ऐकलं नाही तर तालुक्याला, पूर्णेला, पंचायत समितीत अपील करता येतं, हे चारचौघांत मोठ्याने सांगितलं. नोंद सुधारली. स्वतः ते 30 सप्टेंबरच्या आत भरणाऱ्याला मिळणारी 5 टक्के सूट एप्रिलातच पदरात पाडून घेतात आणि पावती शर्टाच्या वरच्या खिशात, थोडी बाहेर डोकावेल अशी ठेवतात.

उरलेलं निम्मं शास्त्र आबांनी स्वतः रचलेलं. त्यांच्या घराचा पुढचा भाग माळवदाचा, आजोबांच्या वेळचा. तो त्यांनी मुद्दाम जपलाय. मागे स्लॅबच्या तीन खोल्या, वर आणखी एक. मोजणीची माणसं आली की त्यांना पुढच्या ओसरीत बसवून इतका पाहुणचार होतो की मागे जायचं त्यांच्या ध्यानात राहत नाही. कुणी राहिलंच ध्यानात तर जिना 'शिडी' होतो आणि वरची खोली 'कडब्याची जागा'. सोयरीक घेऊन पाहुणे येतात तेव्हा मात्र त्यांना थेट मागच्या दाराने आत आणलं जातं.

दुसऱ्यांना मिळणाऱ्या सवलती म्हणजे आबांची दुखरी नस. 2022 च्या सुरुवातीला मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा त्यांनी घर तीन पोरांत वाटून प्रत्येकी 500 च्या आत बसवायची आखणी केली. ताडकळस मुंबईत नाही, ही किरकोळ अडचण ते ग्रामसभेत सोडवणार होते. पण थोरल्या सुनेने विचारलं, "मग चुली बी येगळ्या करायच्या का, मामंजी?" आखणी तिथेच गुंडाळली गेली. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला 40 टक्के सवलत, हे ऐकून ते म्हणाले, "आन् आम्ही काय दुसऱ्याच्या घरात राहतो?" 2020 मध्ये माजी सैनिकांना घरपट्टी माफ झाली, तेव्हा साठी ओलांडलेल्या आबांना आपण तरुणपणी भरती का झालो नाही, याची पहिल्यांदाच हळहळ वाटली.

पण खरा घाव 2025 चा. चालू कर पूर्ण भरणाऱ्याची जुनी थकबाकी निम्मी माफ करायची मुभा सरकारने ग्रामपंचायतींना दिली. माफीसाठी आधी थकबाकी असावी लागते. आबांकडे ती एक रुपयाचीही नव्हती! "जलमभर येळेवर भरलं, त्याचं हे फळ," म्हणत ते त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर धाकट्याला दुकान टाकायचं म्हणून घर तारण ठेवायचं ठरलं. बँकेने नमुना आठ मागितला. साहेबांनी उतारा वाचला आणि म्हणाले, "हे तर मातीचं घर आहे. यावर एवढं कर्ज?"

"साहेब, मागं स्लॅब हाय."

"उताऱ्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी आबा ग्रामपंचायतीत हजर : "आमची आकारणी वाढवून द्या." ग्रामसेवकाने दोनदा विचारलं, मग टेप उचलली आणि आबांचा विचार बदलायच्या आत निघाला. या वेळी ओसरीत बसवणं नाही. आबांनी त्याला मागच्या दाराने नेलं, शिडीला जिना म्हणाले, कडब्याच्या जागेतली फरशी पायाने घासून चमकवून दाखवली. "भिंतीची जाडी बी धरा," असंही सुचवलं.

सगळं मोजून झाल्यावर ग्रामसेवकाने पेन उघडलं. "बांधकाम कोणत्या सालचं लिहू, आबा?"

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जुनं साल सांगावं तर इतकी वर्षं काय लपवलं ते निघतं. नवं सांगावं तर घसारा जातो.

"बसा तर खरं," ते म्हणाले. "सूनबाई, साहेबाला चहा ठेवा. पुढं, ओसरीत."