बाप्पा, समुद्राकडे पाठ!

ऐकलं का? आपल्या गल्लीतली आठ-दहा जणांची मंडळी समुद्र पाहून आली. पाहून कसली, समुद्राकडे पाठ करून आली! अन् गेली कधी, तर ऐन जूनच्या शेवटी. १ जून ते ३१ जुलै तिकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. म्हणजे ना ताजं पापलेट, ना सुरमई. मी विचारलं, "मग गेल्या काहून होत्या, वहिनी?" तर म्हणतात, "झाडं पाहाले. अन् चिखल." चिखलच पाहायचा होता तर पावसाळ्यातला आर्वीचा बाजार काय वाईट होता?

तशी आपल्या भागाला समुद्राची ओढ जुनीच म्हणा. नदीपलीकडच्या कौंडण्यपूरची रुक्मिणी थेट द्वारकेला गेली. पण ती निदान कृष्णासाठी गेली होती! ही मंडळी एसटीनं पुलगाव, मग मुंबईची गाडी, मग कोकण रेल्वे, असा दीड दिवसाचा अंगमोड प्रवास करून गेली कोणासाठी, तर तिवरासाठी. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलातलं झाड. त्याची मुळं नाकं वर काढून श्वास घेतात म्हणे. त्याच्या पानांवर मीठ जमतं. खरं की खोटं, ते पाहायला आपल्या मास्तरीणबाईंनी, वय वर्षे बासष्ट, भरदिवसा, चार लोकांसमोर झाडाचं पान चाटलं. चाटलं हो! पुरावा म्हणून एक वाळलेलं पान पाकिटात घालून आणलंय. मी काही चाटलं नाही. जिभेला लावून पाहिलं, एवढंच. खारट आहे.

बरं, झाडांची कुळकथा तरी धड असावी की नाही! त्याच चिखलातल्या कांदळाचं बी आईच्या अंगावरच रुजतं, चांगलं लांबट होतं, अन् मग खाली चिखलात जाऊन उभं राहतं. हे ठीक, लेकरू पायावर उभं केल्याशिवाय घराबाहेर काढू नये हे आपल्याकडेही म्हणतात. पण ती पांढरी चिपी! अंधार पडला की फुलते, रात्री वटवाघळं येऊन जातात, अन् पहाटेपर्यंत फूल गळून मोकळं. अशा चालीच्या झाडाला आपल्या सरकारनं २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिलाय. कोणी चौकशी केली नाही वाटतं.

वाळूवर तर वेगळाच तमाशा. जिनिंगवाले काका सुरूच्या बनात मस्त हात पसरून फोटोला उभे राहिले, तर मास्तरीणबाई कडाडल्या, "हटा तिथून, ती ऑस्ट्रेलियाकडची आहे! आपलं काय ते पाहा." आपलं म्हणजे मर्यादवेल. पान आपट्यासारखं मधून चिरलेलं, दसऱ्याचं सोनं कोणी वाळूत सांडलंय असं वाटतं, अन् फूल जांभळं-गुलाबी. ही वेल वाळू धरून ठेवते, समुद्राला म्हणते इथवरच. वहिनी त्या वेलीजवळ तासभर बसून होत्या. घरी सासूबाईंनी हजारदा सांगूनही ज्या बाईला मर्यादा समजली नाही, तिला ती वेलीनं समजावली. त्याच्यापुढं रावणाच्या मिशा! हसू नका, गवताचं नावच तसं आहे. त्याचे काटेरी गोळे वाऱ्यावर गडगडत सुटले अन् काका त्यांच्यामागं धावत सुटले. रक्तदाबाची गोळी घेतात हो ते.

अन् कळस ऐका. एका घरगुती खानावळीत मंडळींना टाकळ्याची भाजी वाढली. सगळे बोटं चाटत. दोनदा मागून घेतली, पैसे मोजले, वर कृती लिहून आणली. तो टाकळा म्हणजे कोण? आपला तरोटा! पहिल्या पावसात उकिरड्यावर, बांधावर, नगरपालिकेच्या नालीकाठी माजतो तोच. इथं मी गेल्या वर्षी वाटीभर नेऊन दिली तर वहिनींनी नाक मुरडलं होतं, वाटी रिकामी परत केली नव्हती एवढाच मान. आता त्याच तरोट्याचे फोटो मोबाइलवर दाखवून राह्यल्या, "कोकणातली रानभाजी" म्हणून.

वेड एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पण आता फेब्रुवारी-मार्चचं ठरून राह्यलंय. वेंगुर्ल्याकडे सुरंगी फुलते तेव्हा. फांदीला चिकटून फुलं येतात, अख्ख्या वाडीत वास, बाया पहाटेच कळ्या वेचतात, गजरे करतात. गजरा सुकला तरी वास जात नाही म्हणे. काकांनी तर संत्र्याचा बार सोडून जायचं कबूल केलंय, बोला! या वयात गजऱ्यासाठी एवढं दूर!

यादीत माझं नाव कोणी घातलं, मला माहीत नाही. मी आपलं फक्त विचारलं होतं, खिडकीजवळची जागा कोणाला आहे म्हणून.