अंधार आपल्या मर्जीचा

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर डार्क मोड लावणाऱ्या माणसाला कारण विचारलं की तो आधी चष्मा काढतो, डोळे चोळतो आणि मग सांगतो, "डोळ्यांना बरं असतं." हे उत्तर त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यालाही ते खरं वाटू लागतं. वास्तविक ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात राहून नोकरी करणाऱ्याला डोळ्यांची एवढी काळजी असती, तर त्याने आधी झोप पुरी केली असती. माझं म्हणणं असं की, वर्डचं पान काळं करण्यामागे नेत्रविज्ञान नावापुरतं आहे. खरी भानगड हक्काची आहे. दिवसभरात या माणसाच्या मर्जीने घडणाऱ्या गोष्टी मोजायला बसलं तर एका हाताची बोटंही उरतात. गाडी कधी येणार ते मध्य रेल्वे ठरवते, आत शिरायचं की नाही ते मागची गर्दी ठरवते, चौथ्या सीटवर किती टेकायचं ते आधी बसलेले तिघे ठरवतात. ऑफिसात एसी किती गार, हे ज्याच्या ड्रॉवरमध्ये रिमोट त्याच्या हाती. रजा साहेबांच्या हाती, आणि साहेबांची रजा त्यांच्या साहेबांच्या. अशा आयुष्यात फाइल मेन्यूतून अकाउंटमध्ये शिरायचं, ऑफिस थीम नावाच्या इवल्याशा चौकोनात 'ब्लॅक' निवडायचं आणि क्षणात सगळा कारभार काळा करून टाकायचा, ही कुणाचीही सही न लागणारी कारवाई आहे. अर्ज नाही, आवक-जावक क्रमांक नाही, 'मान्यतेस्तव सादर' नाही.

डोळ्यांचा मुद्दा आधी निकालात काढू. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही गटांची दृष्टी पडद्यावर तपासली, त्यांना मुद्रितशोधनही करायला लावलं. दोन्ही गटांत पांढऱ्यावरची काळी अक्षरंच सरस ठरली. कारण फार गूढ नाही. समोर उजेड असला की बाहुली आकसते आणि प्रतिमा रेखीव पडते. काळ्या पडद्यासमोर बाहुली विस्फारते आणि अक्षरांच्या कडा सैल पडतात. चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं आणखी पसरतात. मोतीबिंदूमुळे किंवा डोळ्यांतल्या धूसरपणामुळे ज्यांना उजेडाचा त्रास होतो, त्यांना मात्र काळी पार्श्वभूमी खरोखर उपयोगी पडते आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. पण वागळे इस्टेटमधल्या एखाद्या काचेच्या इमारतीत पस्तिशीच्या आतली अख्खी रांग काळे पडदे लावून बसलेली दिसते, तेव्हा त्या मजल्यावर मोतीबिंदूची साथ आली आहे असं मानणं जड जातं.

त्यात आपली लिपी देवनागरी. इंग्रजी अक्षरं सुटीसुटी उभी असतात. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषेची ट्यूबलाइट. काळ्या पानावर ती ट्यूबलाइट पेटली की खालच्या गाठी आणि पोकळ्या भरून आल्यासारख्या दिसतात. घ आणि ध, भ आणि म एकमेकांच्या घरात राहायला जातात. फॉन्ट बारीक असेल तर अनुस्वार कुठे आहे आणि पडद्यावरची धूळ कुठे आहे, हे बोटाने पुसूनच ठरवावं लागतं. महापालिकेच्या कारभारात याची किंमत मोठी असते. 'घरपट्टी'ची 'धरपट्टी' झाली तर अर्थ फारसा बदलत नाही हे खरं, पण कर भरणाऱ्याला तो उगाच आधी कळतो.

मग वीज तरी वाचते का? इथेही निराशाच. काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, हे फक्त ओएलईडी पडद्यांपुरतं खरं. ऑफिसांतले बहुतेक मॉनिटर एलसीडी जातीचे. त्यांच्या पाठीमागचा दिवा पान काळं असो की पांढरं, चालूच राहतो. काळा रंग दाखवायचा म्हणजे तो उजेड पुढून अडवायचा. वीज खर्च करून अंधार दाखवण्याचा हा प्रकार महावितरणच्या कुठल्याही ग्राहकाने मनावर घ्यावा असा आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली ओएलईडी फोनवर मोजमाप केलं, तेव्हा पडद्याची प्रखरता ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडने सरासरी अवघी ३ ते ९ टक्के बचत झाली. प्रखरता पूर्ण १०० टक्के ठेवली तर ती ३९ ते ४७ टक्क्यांवर गेली. पण पूर्ण प्रखरतेवर फोन वापरणाऱ्याला बचतीचं मोठं वेड असेल असं वाटत नाही.

तरीही विजेचा विषय मी इतक्यात सोडणार नाही, कारण माझ्या मुद्द्याचं मूळ तिथेच आहे. या पट्ट्याला अंधार नवा नाही. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती. मुंबई शहरात दिवे जळत असायचे आणि खाडीपलीकडे आज कुठल्या वेळेला वीज जाणार याचं वेळापत्रक लोकांना लोकलच्या वेळापत्रकाइतकं पाठ असायचं. फरक इतकाच की वीज वेळेवर जायची. पुढे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम थंड पडली. लोकल थांबल्या. टाळेबंदीमुळे घरून काम करणारे लॅपटॉपची बॅटरी किती टक्के उरली ते बघत बसले. म्हणजे काळोख आपल्याकडे कायम वरून आला आणि दुसऱ्याच्या सोयीने आला. डार्क मोड हा इथल्या माणसाने स्वतः माउसने टिचकी मारून केलेला पहिला काळोख आहे. हवा तेव्हा लावा, हवा तेव्हा काढा. त्याचं कौतुक वाटणारच.

यावर जुनी मंडळी म्हणतील की यात नवं काय, आम्ही पाटीवर काळ्यावर पांढरंच गिरवलं आणि आमचे डोळे ठणठणीत आहेत. पाटी स्वतः उजेड फेकत नाही, हे एक. दुसरं म्हणजे त्यांचं म्हणणं इतिहास म्हणून बरोबरच आहे. बँकांमध्ये यंत्रं आली तेव्हा पडदे काळेच होते आणि अक्षरं हिरवी. रेल्वेच्या आरक्षण खिडकीपलीकडचा पडदा वर्षानुवर्षं काळा राहिला. डॉसवरचं वर्डपरफेक्ट निळ्या पडद्यावर चालायचं आणि त्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वर्डमध्ये २००३च्या आवृत्तीपर्यंत 'निळं पान, पांढरी अक्षरं' अशी सोय ठेवली होती. पडद्याला कागदासारखं पांढरं करायची कल्पना झेरॉक्सने १९८१ साली 'स्टार' यंत्रातून बाजारात आणली आणि १९८४च्या मॅकिंटॉशने ती घरोघर नेली. तेव्हा २००१च्या सुमाराला व्हीआरएस घेऊन डोंबिवलीच्या फडके रोडवर फेरी मारणारे बँकेतले काका हे खरे डार्क मोडवाले. पण त्यांचा पडदा काळा होता तो बँकेने दिला म्हणून. तो पांढरा करायची मुभा त्यांना नव्हती. मुभा नसली की माणसाचं काय होतं, ते २००५ साली 'डोंबिवली फास्ट'ने दाखवलंच आहे. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे हातात बॅट घेऊन निघाला. त्याला वेळीच कुणी ऑफिस थीम दाखवली असती तर चित्रपट मध्यंतरापर्यंत आटोपला असता.

मुभा मिळाली तरी ती वापरायची अक्कल लागते, आणि इथे आमच्या पट्ट्यातल्या हौशीला थोडं बोलणं भाग आहे. काळं करण्याचे दोन प्रकार असतात. एक, प्रोग्रॅमचा रंग बदलणं. वर्डमध्ये ब्लॅक थीम घेतली की २०२१पासून पानही काळं होतं, आणि पान तेवढं पांढरं हवं असेल तर व्ह्यू मेन्यूत 'स्विच मोड्स' नावाचं बटण आहे. लिब्रेऑफिसमध्ये टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन पानाचा, कडांचा, चुकीच्या स्पेलिंगखालच्या रेघेचाही रंग ज्याचा त्याला ठरवता येतो. हे सगळं तुमच्या पडद्यापुरतं. कागदपत्र जिथे जाईल तिथे पांढरंच उघडतं. एक्सेलने मात्र कित्येक वर्षं वरची रिबन काळी केली आणि मधला तक्ता पांढराशुभ्र ठेवला, केसांना कलप लावून मिशा विसरलेल्या गृहस्थासारखा. दुसरा प्रकार घातक. काही उत्साही लोक थीमच्या वाटेला न जाता डिझाइनमधल्या 'पेज कलर'ने पान काळं करतात आणि सगळा मजकूर निवडून त्याला हाताने पांढरा रंग देतात. वर्ड पानाचा रंग मुळात छापत नाही. ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. पांढरी अक्षरं मात्र इमानाने पांढरीच छापली जातात. साहेबांच्या टेबलावर येतो तो कोरा कागद. लिब्रेऑफिसमध्ये पेज स्टाइलमधून पान रंगवलं तर याच्या बरोबर उलट होतं: पार्श्वभूमीही छापली जाते आणि एका टिप्पणीत टोनर संपतो. त्यापेक्षा अक्षराचा रंग 'ऑटोमॅटिक' ठेवावा, म्हणजे पान जसं असेल तसं अक्षर स्वतःला जुळवून घेतं. आपल्याकडच्या सरकारी नोकरीत टिकायचं तंत्र यापेक्षा फार वेगळं नाही.

कोऱ्या कागदावरून आठवलं, एक आक्षेप असा घेतला जातो की ज्याचा शेवट कागदावरच व्हायचा आहे, ते काळ्या पडद्यावर लिहिण्यात काय हशील? ठाण्याची महापालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ची. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तरी फाइलमधला कागद पांढराच राहिला. आक्षेप बिनतोड आहे आणि म्हणूनच तो माझ्या बाजूचा आहे. पडदा काळा केल्याने कामात कणाचाही फरक पडत नसेल आणि तरी माणूस तो करत असेल, तर तो कामासाठी करत नाही हे उघड झालं.

खरा पेच टाकणारा आक्षेप एकच आहे, आणि तो वन रूम किचनमधून येतो. घरून काम करायचं, तेही अमेरिकेच्या वेळेत; खोली एक. पलंगावर आई-वडील, खाली गादीवर बायको आणि मूल, कोपऱ्यात लॅपटॉप. रात्री एक वाजता पांढरी एक्सेल शीट उघडली की घरात पहाट होते. मूल उठतं, मग आजी उठते, मग आजी गॅस पेटवते. इथे डार्क मोड उपयोगाचा आहे हे मी विनातक्रार मान्य करतो. पण मग डोळे कुणाचे वाचले? झोपलेल्यांचे. लावणाऱ्याचे डोळे बाहुल्या विस्फारून सिलिंड्रिकल नंबर वाढला की काय या शंकेत रात्र काढतच असतात. डोळ्यांना बरं असतं हे त्याचं वाक्य खरं ठरायचं असेल, तर त्यात 'बायकोच्या' हा शब्द घालायला हवा.

आणि जे आपलं नाही त्याला आपलं करून घेण्याची इथली हौस जुनी आहे. डबा रेल्वेचा, पण दसऱ्याच्या आसपास त्याला झेंडूची तोरणं लागतात, फोटोला हार पडतो, आरती होते, पेढे वाटले जातात. कल्याणला चढलेला माणूस कुर्ल्यापर्यंत यजमान असतो. खंडेनवमीला ऑफिसातल्या मॉनिटरच्या कपाळाला कुंकू लागतं, मग मॉनिटर भाड्याचा का असेना. डार्क मोड लावणारा वेगळं काही करत नाही. उलट रंगांच्या बाबतीत डोंबिवलीकराने थोडा हट्ट धरला तर तो त्याला शोभतो, कारण बाहेरचे रंग त्याला कुणी विचारून दिलेले नाहीत. २०१४च्या जानेवारीत तिथे हिरवा पाऊस पडला आणि २०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा थीम रसायनांनी निवडली, आणि पूर्ववत करायचं बटण नागरिकांना कुठल्याच मेन्यूत सापडलं नाही.

म्हणूनच मला खटकतो तो ऑफिस थीममधला 'यूज सिस्टिम सेटिंग' हा पर्याय आणि त्याचा फोनमधला भाऊ, सूर्यास्ताला आपोआप काळा होणारा. सोय म्हणून तो उत्तमच आहे, असं त्याचे पुरस्कर्ते सांगतात: एकदा लावा आणि विसरा. पण विसरायचंच असेल तर हक्क कशाला मागायचा? डोंबिवलीकडे निघालेला माणूस सूर्यास्ताच्या सुमाराला दिवा आणि कोपर स्टेशनांच्या मध्ये सिग्नलला थांबलेल्या गाडीत उभा असतो. एक हात कडीला, दुसरा कुणाच्या तरी बॅगेखाली अडकलेला. नेमका त्याच वेळी खिशातला फोन त्याला न विचारता काळा होतो. निदान डोंबिवली येईपर्यंत तरी थांबावं, एवढं साधं सौजन्य त्याच्यात नाही. घरी पोहोचून पाय धुतल्यावर या माणसाने पहिलं काम काय करावं, तर तो पर्याय बंद करून पडदा पांढरा करावा, आणि मग मनात येईल तेव्हा स्वतःच्या हाताने परत काळा.