अडतीस माणसं नव्या ॲपवर कशी न्यावीत

या सूचना ॲडमिनसाठी आहेत. ज्यांना ॲडमिन व्हायचंच नव्हतं, पण ग्रुप त्यांच्या फोनवरून निघाला, त्यांच्यासाठी तर खासच.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. सुटे भाग आणायचे, लाइनीवर चढवायचे आणि दुसऱ्या टोकाला चालती गाडी बाहेर काढायची, हे कसब या वसाहतीला नवं नाही. तरी फर्स्ट शिफ्टच्या बसमधली अडतीस माणसं एका ॲपवरून दुसऱ्यावर न्यायची म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. कारण इथले सुटे भाग बोलतात, रुसतात आणि मध्येच 'लेफ्ट' होतात.

सर्वप्रथम कारण शोधावं. जानेवारी २०२१मध्ये ते आयतं मिळालं होतं. व्हॉट्सॲपनं नव्या अटी पुढे केल्या आणि ८ फेब्रुवारीपर्यंत त्या मान्य करा म्हणून सांगितलं. बोंबाबोंब झाल्यावर ती तारीख १५ मेपर्यंत ढकलली. मधल्या काळात जो तो सिग्नल नावाचं ॲप उतरवून घेत होता, इतका की १५ जानेवारीला सिग्नलच बसलं. आमच्या ॲडमिननंही त्या हवेत रात्री साडेदहाला एकच ओळ टाकली : 'उद्यापासून सगळ्यांनी सिग्नलवर यावे.'

सकाळी मुकुंदवाडीच्या सिग्नलवर नऊ माणसं उभी. त्यातली चार एरवी चिकलठाण्याला चढणारी. अंधारात रिक्षा करून उलट दिशेनं आली होती. म्हणून ॲपच्या नावामागे 'ॲप' हा शब्द न चुकता लिहावा. रिक्षाचे पैसे कुणी द्यायचे, हा विषय अजून सुटलेला नाही.

नव्या ग्रुपला नाव देताना दूरदृष्टी ठेवावी. आमचा मूळ ग्रुप 'बस नं. ४'. मग 'बस नं. ४ नवीन' आला. मग 'बस नं. ४ नवीन फायनल'. २०२३मध्ये शहराचं नाव बदलून सरकारी पाट्या बदलल्या, पण आमच्या 'फायनल'ला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. त्यात आता फक्त तिघं आहेत, आणि त्यातला एक नोकरी सोडून पुण्याला गेलाय. तो रोज न चुकता 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं फूल टाकतो. त्याला काढू नये. त्याच्यामुळे ग्रुप जिवंत दिसतो.

कुणाला काय येतं, याचा अंदाज करू नये. फोन हातात घेऊन बघावा. २०२५च्या सप्टेंबरअखेर झोहोच्या अरट्टई ॲपची हवा झाली. तमिळमध्ये अरट्टई म्हणजे गप्पा. स्वदेशी ॲप, वर आपल्या मनातलं नाव. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पेंट शॉपमधले एक काका बसमध्ये वैतागून बसलेले. "टाकलं बाबा तुमचं ॲप. पण ह्याच्यात लिहायचं कुठं?" फोन घेऊन पाहिलं तर आरतीसंग्रह. तोही चांगला होता. शेवटी मंत्रपुष्पांजलीसुद्धा होती. काकांना म्हटलं, राहू द्या. त्यांच्या फोनमध्ये तसंही दुसऱ्या ॲपला जागा नव्हती. नातवाच्या जावळाचे व्हिडिओ होते आणि ते पुसा म्हणायला जीभ रेटेना.

जुना ग्रुप बंद करावा का? अवश्य करावा. 'हा ग्रुप आज रात्री बारा वाजता बंद होईल' असं जाहीर करावं. त्यावर एकोणीस अंगठे येतात, दोन जणांचे वाढदिवस निघतात, एक भावपूर्ण श्रद्धांजली येते आणि तिच्याखाली चुकून केक पडतो. बारा वाजतात. ग्रुप चालू राहतो. ॲडमिननं मनाला लावून घेऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मला तीन स्थलांतरं झाल्यावर उमजली. पहाटेचा ग्रुप एकदा उघडून बघा.

'गाडी कुठंय'
'सिडको सोडलं का'
'कामून उत्तर देत नाही कोणी'
'सिडको सोडलं'
'आलोच थांबवा'

बाकी फुलं, केक, ओव्हरटाइमची रड हा सगळा वरचा मसाला. माणसं ॲपवर नसतात, गाडी कुठंय या प्रश्नावर असतात. आणि त्याचं उत्तर एकाच माणसाकडे असतं : क्रांती चौकात पहिल्या स्टॉपला चढणाऱ्या काकांकडे. तिकडे ऑरिकमध्ये, २०१९ला लोकार्पण झालेल्या त्या नव्याकोऱ्या औद्योगिक नगरीत, नियंत्रण केंद्र आहे. आमच्या बसचं नियंत्रण केंद्र ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर कानटोपी घालून बसतं.

तेव्हा ॲडमिननं अडतीस जणांच्या मागे लागू नये. त्या एका काकांना धरावं. कँटीनमध्ये त्यांच्याशेजारी बसावं, भाकरीवर आपल्याकडचा ठेचा वाढावा, घरची चौकशी करावी आणि मग हळूच म्हणावं, काका, उद्यापासून 'सिडको सोडलं' एवढं फक्त नव्या ॲपवर टाकत जा. ते जिथे टाकतील तिथे आठवड्यात सगळी बस येते. ओरडावं लागत नाही, समजवावं लागत नाही. फक्त काका तयार हवेत.

आमच्या काकांनी ठेचा खाल्ला. चष्मा कपाळावर चढवून फोन लांब धरला, नवं ॲप उघडून पाहिलं, बंद केलं. मग पाणी पिऊन म्हणाले, "हे टायपिंग-बियपिंग माझ्यानं आताच होईना. चालत्या गाडीत अक्षरं नाचतात. मी आपला मिस कॉल देत जाईन."

सध्या तीच व्यवस्था आहे. प्रत्येक स्टॉपवरच्या एकाला मिस कॉल जातो. एक आला तर सिडको सुटलं. दोन आले तर गाडी आधीच्या स्टॉपवर आहे, चहा तसाच टाकून निघावं. लागोपाठ सात-आठ आले तर फोन काकांच्या खिशात दबलाय असं समजावं आणि धावू नये.