हुकमाची दुर्री

कोल्हापूरच्या गादीवर १८८४ साली दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने १९१७ साली जे गाव वसविले, त्या जयसिंगपुरात गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखल्या जातात, आणि त्या इतक्या सरळ आखलेल्या आहेत, की परक्या माणसाचीही वाट चुकू नये. अशा गावाचा जावई होऊनही मी चुकलो. मात्र रस्ता नव्हे, पान.

पहिल्या दिवाळसणाचा फराळ आटोपल्यावर सतरंजी अंथरली गेली आणि मामांनी, म्हणजे माझ्या श्वशुरांनी, मला आपला भिडू म्हणून समोर बसविले. खेळ मेंढीकोटाचा. चौघांत ५२ पाने, प्रत्येकी १३. उतारी ज्या रंगाची त्याच रंगाचे पान देणे सर्वांस बंधनकारक, आणि तो रंग हाती नसेल तरच हुकूम मारण्याची मुभा. सारी लूट मात्र दश्श्यांची, ज्यांना मेंढ्या म्हणतात. तीन मेंढ्या नेणाऱ्याची सरशी. दोन-दोन झाल्या तर ज्याचे सात हात त्याचा डाव. आणि चारही एकीकडे गेल्या, की कोट! ही मेंढी स्वभावतःच दुबळी. गुलामापासून एक्क्यापर्यंत चौघेही तिला खाण्यास टपलेले, म्हणून भिडूच्या एक्क्याच्या आश्रयाने तिला सुखरूप घरी आणणे, यातच या खेळाचे अवघे राजकारण सामावले आहे.

मामांनी बदामाचा एक्का उतरला. माझ्या हातात बदाम दिसेना. सबब मी मोठ्या ऐटीत हुकमाची, म्हणजे इस्पिकची, दुर्री त्यावर हाणली. आपल्याच भिडूचा, त्यातून सासऱ्याचा, एक्का कापण्यात काही औचित्यभंग आहे हे सतरंजीवर पसरलेल्या शांततेमुळे माझ्या ध्यानी आले. परंतु खरा अनर्थ चार हातांनी उघडकीस आला. चौकटीच्या पानांत, लाल रंगाच्या आडोशाने, बदामाची दश्शी निवांत दडून बसली होती! ती धाकट्या मेव्हण्याने राजा टाकून नेली, आणि पान असता हुकूम मारल्याच्या गुन्ह्याखातर कोटही जाहीर केला.

मामांची हयात मामलेदार कचेरीत गेलेली. ते रागावले नाहीत. चष्मा पुशीत एवढेच म्हणाले, "जावईबापू, एक्का आमचा, हुकूम तुमचा, आता फिर्याद द्यावी तर कोणावर?"

हरणाऱ्याने पाने पिसावीत असा त्या घरचा दंडक आहे. आज अकरा वर्षे ती मीच पिसतो आहे.