दिवाळीची नाईट कुणाची?

दिवाळी आली की मराठी वाहिन्यांवर विशेष भागांची माळ लागते. बंगला तोच, जिना तोच, पैठण्या नव्या. करंजीच्या सारणात कुणीतरी तिखट कालवतं, कुणीतरी रांगोळी पुसतं, आणि नायिकेच्या पदराला पणती लागता लागता ब्रेक येतो. पदर खरंच पेटला तर ती बाई कुठे जाते आणि त्या रात्री तिथे कोण जागं असतं, हे दाखवणारा दिवाळी विशेष भाग मला अजून भेटलेला नाही.

हॉस्पिटल आपल्या मालिकांत कमी नाही. पण ते लागतं कोमासाठी, स्मृती जाण्यासाठी, नाहीतर रिपोर्टची अदलाबदल करण्यासाठी. बाहेर सगळं खानदान भरजरी कपड्यांत उभं आणि डॉक्टर येऊन सांगणार, पुढचे चोवीस तास महत्त्वाचे. 'देवमाणूस'मध्ये डॉक्टर खुनी निघाला, 'अजूनही बरसात आहे'मध्ये डॉक्टर प्रेमात पडले. डबा अर्धवट टाकून धावणारा, तिसऱ्या नाईटला दमून भलत्याच गोष्टीवर हसत सुटणारा डॉक्टर मराठी मालिकेत यायचाच आहे. बरं, हॉस्पिटल आतून ओळखणारी विनोदी माणसं आपल्याकडे नाहीत असंही नाही. 'चला हवा येऊ द्या' ज्यांनी वर्षानुवर्षं चालवलं ते नीलेश साबळे स्वतः डॉक्टर. हिंदीवाल्यांनी २०२५ मध्ये 'ग्राम चिकित्सालय' आणून खेड्यातल्या ओस पडलेल्या आरोग्य केंद्रावर अख्खी विनोदी मालिका उभी केली. आपण स्किटमध्ये डॉक्टर आणतो, पाच-सात मिनिटं हसतो आणि त्याला परत पाठवतो.

अमेरिकन टीव्हीने हे काम फार पूर्वी करून ठेवलंय. 'मॅश' ही मालिका १९७२ ते १९८३ चालली. कोरियाच्या युद्धातलं तंबूतलं लष्करी हॉस्पिटल, आणि मालिका विनोदी. हशाची टेप वाजवायचा वाहिनीचा आग्रह होता, पण निर्मात्यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: ऑपरेशन थिएटरच्या दृश्यात टेप वाजणार नाही. आमच्याकडे स्ट्रेचर दिसलं की तीनदा ढोल वाजतो, तीनदा चेहरा दिसतो. विनोदी मालिकेला जे भान होतं, ते आमच्या गंभीर मालिकांना नाही, हे मला मनापासून खटकतं.

या 'मॅश'चा १५ डिसेंबर १९८० ला दाखवलेला नाताळचा भाग म्हणजे 'डेथ टेक्स अ हॉलिडे'. नाताळच्या दिवशी एक सैनिक आणला जातो, डोक्यात गोळी लागलेला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलेलं आहे. मग त्यांना त्याच्या बायको-मुलांचा फोटो सापडतो, आणि दोन डॉक्टर व एक नर्स हट्टाला पेटतात: याला मध्यरात्रीपर्यंत जगवायचं. का, तर या मुलांना जन्मभर नाताळ म्हणजे बाप गेला तो दिवस, असं व्हायला नको. बाकीचं युनिट पार्टीत आहे, हे तिघं त्या खाटेशी. बारा वाजायच्या आतच तो जातो. तेव्हा त्या दोघांतला एक डॉक्टर, हॉकआय, उठतो, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा स्वतःच्या हाताने बाराच्या पुढे सरकवतो, आणि कागदावर तारीख पडते २६ डिसेंबर. असा भाग विनोदी मालिकाच लिहू शकते. कारण एरवी या डॉक्टरांना आपण चेष्टा करताना, भांडताना, बेचव जेवणाला नावं ठेवताना पाहिलेलं असतं. ती आपली माणसं झालेली असतात. ज्याला देव नाहीतर राक्षस करून ठेवलंय, त्या डॉक्टरच्या हातून घड्याळाचा काटा हलला असता तरी आत काही हललं नसतं.

आणि आपल्याकडे तर असा भाग सणातच लिहून ठेवलेला आहे. धनत्रयोदशी ही धन्वंतरीची जयंती. वैद्यमंडळी त्या दिवशी त्याची पूजा करतात, कडुलिंबाची पानं आणि साखर प्रसाद म्हणून देतात. त्याच संध्याकाळी घरोघरी कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात, यमासाठी, अपमृत्यू टळावा म्हणून. वैद्यांचा देव आणि मृत्यूचा देव एकाच संध्याकाळी! याहून सरस कथानक कोणता लेखक बसून रचणार? तरी आमची धनत्रयोदशी सराफाच्या जाहिरातीत संपते.

लोकेशनही शोधायला नको. पिंपरीत संत तुकारामनगरला या. एका बाजूला वल्लभनगरचं एसटी स्टँड. कारखान्यांना सुट्टी लागली की लातूर, नांदेड, बीडच्या गाड्यांना इथे झुंबड, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, मिठाईचे खोके डोक्यावर. आणि त्याच भागात महापालिकेचं वायसीएम हॉस्पिटल. सगळं शहर गावाला निघालेलं असतं तेव्हा इथे चाकण, खेड, मावळाकडून माणसं येत असतात. तिकडच्या कारखान्यांत दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माल रवाना करायची घाई असते. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दाबायची बटणं जुगाड करून एका हातावर आणलेली असतात, आणि मग बोटं जातात. 'सेफ इन इंडिया' ही संस्था 'क्रश्ड' नावाच्या अहवालांत वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अशाच गेलेल्या बोटांचा हिशेब मांडत आली आहे. लिहा की हा प्रसंग: उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, डाव्या हातात कंपनीने दिलेला सोनपापडीचा खोका, आणि ठेकेदाराचा माणूस डॉक्टरला पटवतोय की हा गाडीवरून पडला. बोनसचा कायदा १९६५ सालीच झाला. ठेकेदाराकडच्या पोराच्या वाट्याला मात्र बरेचदा खोकाच येतो.

एका लक्ष्मीपूजनाच्या रात्री नातेवाइकासाठी मी अशाच एका कॅज्युअल्टीबाहेर बसले होते. दहाएक वर्षांचा मुलगा आला, भुईनळ्यावर वाकून बघताना हात भाजलेला. आईने हातभर टूथपेस्ट थापलेली. सिस्टर तिच्यावर भडकल्या: "अहो ताई, नळाखाली धरायचा होता हात, वीस मिनिटं! आता ही पेस्ट मी काढू की जखम बघू?" मुलगा भोकाड पसरून रडत होता. ब्रदर ड्रेसिंग करत होते. मध्येच पोरगं गप्प झालं आणि त्याने विचारलं, "काका, उरलेले उद्या उडवू ना?" सिस्टर हसल्या, आई रडता रडता हसली. ब्रदर हातातलं बँडेज न थांबवता म्हणाले, "पुढच्या वर्षी. आणि लांब उभं राहून." तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी खिडकीत पणती ठेवली, बॅटरीवरची. ऑक्सिजनची लाइन असते, खरी चालत नाही. या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नसतील. इथे मुद्दाम पेरायला काही लागत नाही, फक्त बघायला माणूस लागतो.

आणि त्या रात्रपाळीची वाटणी! कुठल्याही वॉर्डात दिवाळीआधी पंधरा दिवस एकच विषय: नाईट कुणाची? आपल्या भागातल्या हॉस्पिटलांत मल्याळी सिस्टर पुष्कळ. त्यांच्यातली एखादी म्हणते, "लक्ष्मीपूजनाची मी करते गं, चोवीस डिसेंबरची तू कर." सौदा पक्का. धर्मांच्या सलोख्यावर इथे कुणी भाषण करत नाही. ड्युटी बदलून घेतात आणि डब्यात चकली ठेवून जातात.

आता 'मॅश'च्या त्याच नाताळच्या भागातलं दुसरं कथानक, ते इथल्या पुढाऱ्यांनी जरूर बघावं. चार्ल्स विंचेस्टर हा गर्भश्रीमंत डॉक्टर. घराण्याची रीत अशी की नाताळला महागडी चॉकलेटं द्यायची, आणि देणाऱ्याचं नाव कुणाला कळता कामा नये. तो गुपचूप अनाथाश्रमात चॉकलेटं ठेवून येतो. नंतर कळतं की आश्रमाच्या प्रमुखाने ती काळ्या बाजारात विकली. चार्ल्स खवळतो. मग प्रमुख शांतपणे सांगतो की त्या पैशांत मुलांचे महिनाभराचे तांदूळ आणि कोबी आले. चार्ल्सचा राग जागच्या जागी विरतो, आणि चूक आपली होती हे तो कबूल करतो: ज्याचं जेवणच झालेलं नाही त्याला गोड कसलं वाढायचं?

आमच्याकडे फळवाटप असतं. साहेबांचा वाढदिवस, नाहीतर दिवाळीचा स्नेह. वॉर्डात पंचवीस माणसं शिरतात, बॅनर पलंगाच्या कठड्याला टेकवतात, सलाईन लावलेल्या हातात सफरचंद देतात आणि फोटो निघेपर्यंत सोडत नाहीत. ज्याला डायबेटिस आहे त्यालाही चिकू, ज्याचं उद्या ऑपरेशन आहे त्यालाही केळं. पेशंटची परवानगी कुणी विचारत नाही. वाढदिवसाचा विषय निघालाच आहे तर याच शहरातलं तळवडे आठवा. ८ डिसेंबर २०२३, केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणारा बेकायदा कारखाना पेटला आणि तिथे काम करणाऱ्या बायका होरपळून गेल्या. कुणाच्या तरी सेलिब्रेशनच्या मेणबत्तीसाठी. त्यानंतरही शहरातल्या किती फ्लेक्सवर केक आणि त्यावरची ती ठिणगी तशीच आहे, ते येता-जाता बघा.

द्यायचंच असेल तर आधी सिस्टरला विचारा काय कमी आहे. सफरचंद हे उत्तर येणार नाही. दिवाळीत रक्त कमी असतं, कारण कॉलेजं बंद, कारखाने बंद, रक्तदाते गावाला. नातेवाइकांना रात्री जेवण मिळत नाही, कारण बाहेरच्या खानावळी बंद. नरक चतुर्दशीला पहाटे आवारातल्या नळावर उटण्याची पुडी फोडून अंघोळ उरकणाऱ्या बायकांना आडोसा नसतो. रक्तदानाचं शिबिर वसुबारसेच्या आत घ्या. चार रात्री पोळी-भाजी पोचवा. आणि बॅनर गाडीतच राहू द्या.

वाहिन्यांच्या लेखकांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. या दिवाळीत वल्लभनगरला उतरा आणि कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर रात्री दहा ते सहा बसा. चहा बरोबर आणा, टपऱ्या बंद असतात.